श्रद्धांजलीतलं शेवटचं नाव

पॉपलीन मापताना गजाच्या टोकाशी बोट दाबून धरायचं. नाहीतर कापड निसटतं आणि गिऱ्हाईक तोंडाकडे बघतं.

दगडावर बाटलीतलं पाणी ओतलं की त्यातला माणूस दिसायला लागतो. ढाल, तलवार, खाली गाय. ऊन लागलं की माणूस परत दगडात.

मठाच्या पटांगणातला एक भोंगा कायम पूर्वेकडे तोंड करून बांधलेला असतो. कारण एवढंच, की विजेचा खांब त्या बाजूला आहे.

बीडहून येणारी गाडी दिंद्रुडच्या फाट्यावर थांबते. मशीनवर रक्त धुऊन आलेली माणसं सगळ्यांच्या मागून उतरतात, दांडा धरून.

'दिवंगत'. म्हणून बघा. जीभ दातांना लागते, मग घसा उघडतो. भारदस्त शब्द आहे.

एका बाईने झोपलेल्या नवऱ्याच्या नाकाखाली हात धरला.

शनिवारी संध्याकाळी व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर, माइकच्या थंड जाळीशी ओठ नेऊन वीरेश म्हणाला, "आणि शहादेव गुरुजी," तेव्हा यातलं काहीच त्याच्या डोक्यात नव्हतं. डोकं स्वच्छ होतं. दरवर्षी पहिल्या दिवशी, वक्ता बोलायला उठायच्या आधी, वर्षभरात गावातून गेलेल्यांची नावं घेऊन दोन मिनिटं उभं राहायची रीत होती, आणि नावं घ्यायचं काम वीरेशचं होतं. शेवटच्या दिवशीचे आभारही त्याचेच. पेठेतलं कापडाचं दुकान ही त्याची ओळख खरी, पण गावात तो कागद न बघता बोलणारा म्हणूनच जास्त माहीत होता. सतरंजी देणाऱ्यापासून अध्यक्षांपर्यंत एकही नाव सुटायचं नाही. वीरेशअप्पा आभाराला उठले की लोक चपला शोधायला लागतात, अशी गावात चेष्टा होती आणि ती त्याला मनातून आवडायची. त्या दिवशी त्याने सोनाराच्या आईचं नाव घेतलं, जुन्या पोस्टमनचं घेतलं, मठाच्या पुजाऱ्याचं घेतलं, आणि मग आवाज आपोआप थोडा खाली आला, जसा तो शेवटच्या, जवळच्या माणसासाठी येतो. आणि शहादेव गुरुजी. खुर्च्या सरकल्या. बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या. गाव उभं राहिलं.

पहिलं मिनिट फार चांगलं गेलं. हे त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की ते मिनिट चांगलं गेलं होतं. माना खाली गेलेल्या, शाळेच्या मास्तरांनी टोप्या काढलेल्या, लांब ट्रॅक्टर जात होता त्याचाही आवाज आदबीने गेल्यासारखा. वीरेशच्या छातीत काहीतरी भरून आलं, डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, आणि त्या ओलाव्यात त्याला शहादेवचा चेहरा दिसला, जाड भिंगाचा चष्मा, पानाने लाल झालेले दात. चेहरा हसत होता. मग वीरेशला कळलं. हळूच, चटका लागला आहे हे हाताला उशिरा कळावं तसं. शहादेव गेलेला नाही. शहादेव पूर्वेच्या गल्लीत आहे, घरात, खाटेवर, आज बीडहून आला असेल. आणि भोंगा तिकडेच तोंड करून आहे. तो तोंड उघडणार होता. उघडलंही असेल. पण श्रद्धांजलीत मध्येच बोलायची रीत नाही. समोर सगळं गाव डोळे मिटून उभं, आणि ते मोडायचं कसं, कुठल्या शब्दाने सुरुवात करायची, "थांबा" म्हणायचं की "माफ करा" म्हणायचं, की आधी घसा खाकरायचा? तो घसा न खाकरता उभा राहिला. दुसरं मिनिट त्याने पुरतं जाणून-बुजून काढलं. जिवंत माणसासाठी मान खाली घालून. आणि शेवटी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ओम शांती."

लोक बसले. अध्यक्ष आप्पाराव, निवृत्त हेडमास्तर, कानाशी वाकले. "शहादेव गुरुजी कवा गेले? आमाला फोन न्हाई कुनाचा."

"दुपारी कळलं," वीरेश म्हणाला.

हे पहिलं खोटं. ते तो बोलला नाही, ते त्याच्या तोंडात तयारच होतं, जसं गिऱ्हाइकाला "रंग जाणार नाही" असतं तसं.

अंबाजोगाईहून आलेले वक्ते ग्रामपंचायत आणि पाणीपुरवठा या विषयावर बोलायला उभे राहिले तोच पूर्वेच्या गल्लीतला एक गडी धावत पायऱ्यांपाशी आला आणि मोठ्यानेच ओरडला, "ओ अप्पा! गुरुजी जित्ते हायत! च्या पिऊ लालेत!" आधी कुणालाच काही कळलं नाही. मग पुरुषांच्या बाजूने हसू फुटलं, ते बायकांच्या बाजूला गेलं. "आयुष्य वाढलं बे गुरुजीचं!" कुणीतरी म्हणालं. "आता माजंबी नाव घ्या अप्पा, डॉक्टरनं आशा सोडलीय." आप्पारावांनी माइक घेऊन गुरुजींना शंभर वर्षांचं आयुष्य दिलं, टाळ्या झाल्या, वक्त्यांनीही त्यावर एक कोटी केली. चूक झाली होती, आणि गोड होऊन मिटली होती. फक्त आप्पाराव मास्तर होते, त्यांना चूक कुणाची हे कळल्याशिवाय चैन पडत नसे.

"पर तुमाला सांगितलं कुनी?"

"दुकानात... कुणीतरी बोललं."

"तुमच्या दुकानातला भागवत का? त्याचंच गाव गुरुजीच्या मूळ गावाला लागून हाय."

वीरेशने मान खाजवली. मानेला खरंच खाज सुटली होती. गळ्यातल्या लिंगाचा दोरा घामाने चिकटला होता. तो हो म्हणाला नाही. मान खाजवण्याला कुणी हो म्हणत नाही. पण आप्पारावांनी तसं धरलं, आणि मागच्या रांगेपर्यंत ते धरलेलं पोचायला पाणीपुरवठ्याचा अर्धा विषयही लागला नाही.

कुणीच सांगितलं नव्हतं. ही गोष्ट इतकी साधी होती की ती सांगायला त्याला शब्द सापडत नव्हते, आणि शब्द न सापडणं हे वीरेशच्या बाबतीत कधी घडत नसे. झालं होतं ते असं. सोमवारी, तिसऱ्या दिवशी, त्याचं स्वतःचं व्याख्यान होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे परिचय आणि आभार करून पहिल्यांदाच. विषय स्थानिक इतिहास, आपल्या भागातले वीरगळ. लढाईत किंवा गुरं सोडवताना मेलेल्यांचे दगड, जे आता कुणाच्या बांधावर, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या धुण्याच्या जागी पडले आहेत. हे दगड वीरेशने आणि शहादेवने मिळून पाहिले होते. बाजार नसलेल्या दिवशी शहादेवची जुनी एम-एटी, मागे वीरेश, मांडीवर पाण्याची बाटली. तलवाड्याच्या अंगाला, पाटोद्याच्या वाटेला, कुठेही. शहादेव माणसं बोलती करायचा आणि वीरेश लक्षात ठेवायचा. कापडाच्या दुकानदाराला कुणी घरातलं सांगत नाही. "तू गप बस," शहादेव म्हणायचा, "तुज्या तोंडावर भाव लिव्हलेला हाय." आणि मग तो कुठल्यातरी म्हातारीच्या ओट्यावर बसून पान लावायचा, आणि म्हातारी सांगायला लागायची, की हा दगड तिच्या सासऱ्याच्या सासऱ्याचा नाही, पण तेल त्यांचंच घर घालतं, का ते ठाऊक नाही. वीरेश ते वाक्य मनात घेऊन घरी यायचा, रात्री उशीवर घोळवायचा, आणि सकाळी त्याचं मराठी सरळ होऊन गेलेलं असायचं. आता त्या व्याख्यानातलं कुठलं वाक्य कुणाचं हे त्याला सांगता आलं नसतं. दोघांनी मिळून बोलायचं ठरलं होतं. मग शहादेवची किडनी गेली, आठवड्यातून दोनदा बीडच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि छापखान्यातल्या माणसाने विचारलं की पत्रिकेच्या या ओळीत एकच नाव बसतं, कोणतं टाकू. फोन करता आला असता. वीरेश म्हणाला, एकच टाक. दिवाळीनंतर तो शहादेवकडे गेलाच नाही, कारण गेलं की शहादेव विचारणार, आपलं कवा हाय बे.

आणि मग ते वाक्य आलं. दुकानात, दुपारच्या सुस्तीत, गज हातात असताना. हे व्याख्यान मी माझे दिवंगत मित्र शहादेव गुरुजी यांच्या स्मृतीस अर्पण करतो. कुठून आलं? त्याने बोलावलं नव्हतं. आलं आणि बसलं. एका वाक्याने सगळं जागेवर पडत होतं. पत्रिकेवरचं एकटं नाव, न गेलेल्या भेटी, सगळं. मेलेल्या माणसाचं नाव पत्रिकेवर घालत नाहीत, आरंभी घेतात, आणि आरंभी घेतल्याने ते मोठं होतं. त्याने ते नुसतं म्हणून बघितलं. नुसतं बघितलं, यात कुणाचं काय जातं? मग परत. 'दिवंगत' नंतर अर्धा श्वास थांबायचं. 'माझे' वर जोर नको, 'मित्र' वर हवा. 'गुरुजी' म्हणताना श्रोत्यांकडे नाही, वर बघायचं. एकदा कापड मापता मापता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि समोरच्या बाईने विचारलं, "अप्पा, काय झालं वो?" तो म्हणाला, कापडाची खळ उडते. किती दिवस त्याने शहादेवला असं मारून ठेवलं होतं, रोज थोडं थोडं, प्रेमाने! शनिवारी जिभेने फक्त तयार असलेला माल काउंटरवर ठेवला.

रविवारी सकाळी त्याने विभूती लावली, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं आणि नजर त्यावर ठरेना. काळा गुळगुळीत पृष्ठभाग, त्यात खिडकीचा उजेड, उजेडात आपलं कपाळ. पूजा करताना तोंडाने मंत्र चालतो आणि मन रिकामं राहतं, त्या रिकाम्या जागेत रोज काय काय येऊन बसत असेल याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली. बायको गंगासागर दाराशी चहा घेऊन उभी होती. "लोक हसू लालेत," ती म्हणाली, "हसू द्या. पर गुरुजीच्या सावित्रीबाईकडं जाऊन या तुमी. बाईमानसाला ते हसण्यावारी जात न्हाई." दुकान उघडलं. भागवत, जो इतकी वर्षं त्याच्या गादीसमोर ठाण उलगडत आणि गुंडाळत आला होता, तो उशिरा आला. कुठे गेलता हे वीरेशने विचारलं नाही. भागवतने चपला नेहमीपेक्षा नीट, जोडीने ठेवल्या. दोघांच्या मध्ये एक जांभळी साडी होती, ती तो घडी घालत होता, आणि घडी बरोबर बसलेली असताना परत उघडून परत घालत होता.

"चहा घेतला का?"

"घेतला, अप्पा."

एवढंच. भागवतचे भाऊ-भावजया ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले, घरी म्हातारी एकटी. त्याला बोलायला दुकानाशिवाय जागा नव्हती, आणि दुकानात तो बोलला नाही.

दुपारी वीरेश पूर्वेच्या गल्लीत गेला. शहादेव खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, हाताच्या सुयांच्या जागी पट्टी, पण चष्म्यामागे तेच डोळे. वीरेशला बघून त्याने दोन्ही हात छातीवर ठेवले, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

"बस बे," मग तो डोळे उघडून म्हणाला. "मेलेल्याच्या घरी रिकाम्या हातानं आलास? साखर तरी आनायची."

"गुरुजी..."

"किती जन उभे व्हते?"

"सगळे."

"वीजबिलवाला कुलकर्णीबी?"

"तोही."

"मग मजा हाय. ह्या गावानं माज्यासाठी कदी दोन मिन्टं तोंड बंद ठेवलं न्हाई. मेल्यावर ठेवलं, आन नेमका मी झोपलेलो." तो हसला आणि हसता हसता खोकला. वीरेशने पाण्याचा तांब्या पुढे केला, मग त्याला आठवलं, याला पाणी मोजून असतं, आणि हात मधेच थांबला. शहादेवने तो थांबलेला हात बघितला. "घोटभर चालतंय," तो म्हणाला.

सावित्रीबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. "मी भाकरी थापू लालते," त्या म्हणाल्या, कुणाला असं नाही, समोरच्या भिंतीला. "भोंग्यावरून ह्यांचं नाव आलं. मला वाटलं, बक्षीस-बिक्षीस काय की. मग समदे गप झाले. गप झाले तवा कळलं. हे इथं झोपलेले, बीडहून आले की असेच पडत्यात, हाक मारली तरी ऐकू जात न्हाई. पिठाच्या हातानं नाकाला हात लावून पाह्यला. मिशीला पीठ लागलं." त्यांनी पदराला हात पुसले. "च्या ठेवते."

मिशीला पीठ. वीरेशने शहादेवच्या मिशीकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. आता बोलायला हवं होतं. त्याने वाक्य मांडायला घेतलं, आणि त्याला कळलं, की इथेही तो वाक्य मांडतो आहे, कुठे थांबायचं ते बघतो आहे. "गुरुजी, ते भागवतचं..." तो म्हणाला.

"अरे हां! सकाळीच आलता. उंबऱ्यातच पाया पडला. मनला, गुरुजी, मी बोललो न्हाई, पर माफी मागतो. मी मनलं, बोललाच न्हाईस तर मागतो कावून? तर गप. डोळ्यांत पानी." शहादेवने उशी पाठीशी सारखी केली. "आप्पारावानं धाडलं असंल त्याला. शाळेतबी त्याचं तेच. खिडकी कुनी फोडली ते बघायचं न्हाई, कुनीतरी कान धरून उभं राह्यलं की झालं."

चुलीवर भांडं आदळल्याचा आवाज आला. खाटेच्या पायाशी औषधांची पिशवी होती, तिच्यावर बीडच्या दुकानाचं नाव. वीरेश ते नाव वाचत राहिला.

"असेल," तो म्हणाला.

"उद्या आपलं हाय, का तुजं?" शहादेवने विचारलं. इतक्या सहज, की वीरेशला आधी प्रश्नच कळला नाही.

"आपलं," तो म्हणाला.

"मग मी येतो. बीड परवा हाय. खुर्ची पुढं ठेव, आन मुतायला जवळ पडंल अशी ठेव."

संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं व्याख्यान झालं. माजलगावच्या एक प्राध्यापक बाई जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोलल्या. लोकांना फार आवडलं. वीरेश व्यासपीठाच्या कडेला बसून ऐकत होता आणि ऐकत नव्हता. मागे, सतरंजीच्या शेवटाला, भागवत मंडपवाल्याला वायर धरू लागत होता. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "काय रे, आज कुनाला मारलंस?" भागवत हसला. ते हसणं वीरेशला इतक्या लांबून दिसायला नको होतं. उठून तिथे जावं, त्याच्या शेजारी उभं राहून थाप मारणाऱ्याला म्हणावं, तो नाही, मी. तीन शब्द. त्यात दिवंगत नाही, स्मृती नाही, अर्धा श्वास थांबायची जागा नाही. अशी वाक्यं कशी बोलतात? ओव्या संपल्या, आणि टाळ्या झाल्या.

सोमवारी शहादेव आला. दोघांनी धरून आणलं, पुढच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसवलं. शेजारी सावित्रीबाई, पदर डोक्यावरून घट्ट. लोक येऊन त्याला हात लावून जात होते, खरा आहे का बघायला. वीरेशने माइक हातात घेतला आणि समोर बघितलं, वर नाही. "या व्याख्यानाला बोलणारे दोन," तो म्हणाला. "पत्रिकेवर एकच नाव आहे, ती माझी चोरी. शनिवारी मी या माणसाला तुमच्यादेखत मारलं, ती माझी चूक. कुणी काय सांगितलं याला अर्थ नाही. बोललो मी." मग तो खाली उतरला, वक्त्यासाठी आणलेली शाल त्याने शहादेवच्या अंगावर घातली आणि वाकून पाया पडला. पटांगण उठलं. तीन दिवसांत दुसऱ्यांदा त्याच माणसासाठी, पण या वेळी आवाज करत. आप्पारावांनी चष्मा पुसला. शहादेवने शालीतून हात काढून वीरेशच्या टाळूवर एक टपली मारली, म्हणाला, "लई झालं, दगडाकडं चल." आणि वीरेश दगडाकडे गेला. तो फार चांगला बोलला. पाणी ओतल्यावर उगवणारा माणूस, तेल घालणारी म्हातारी, गाय. अडला तिथे खालून शहादेवने पुरवलं, लोक हसले, परत टाळ्या. सगळं दोघांचं होतं आणि दोघांच्या तोंडून गेलं.

पण बोलता बोलताच त्याला आतून ऐकू येत होतं. कुणी काय सांगितलं याला अर्थ नाही. हे वाक्य त्याने सकाळपासून तयार केलं होतं. फार उदार वाक्य. ते ऐकून प्रत्येकाला वाटणार, की सांगणारा कुणीतरी होता आणि अप्पांनी मोठ्या मनाने त्याला पाठीशी घातलं. तसंच झालं. भागवतजवळ उभ्या असलेल्या माणसाने भागवतच्या खांद्यावर हात ठेवला, सुटलास म्हणण्यासारखा. भागवतने हातातली वायर काखेत धरली आणि तोही टाळ्या वाजवू लागला. सावित्रीबाईंनी एकदा मागे वळून त्याच्याकडे बघितलं, मग व्यासपीठाकडे, आणि हात मांडीवर तसेच ठेवले.

शेवटी आभार. कागद न बघता. मठ, मंडप, वीज, पाणी, वक्ते, श्रोते, माता-भगिनी. "आणि आमचा भागवत," वीरेश म्हणाला, "जो तीन दिवस कष्टला." आवाज आपोआप थोडा खाली आला होता.

रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, गुरुजींच्या पाया पडून ये असं भागवतला वीरेशने सांगितलं होतं. आप्पाराव त्या दिवशी पहाटेच माजलगावला प्राध्यापक बाईंना आणायला गेलेले होते.